खंडेनवमीची रबरं

दर खंडेनवमीला मी आमच्या गाडीला ऑईल पाजत असे. आज हे लिहिताना मलाच हसू येतं, पण तेव्हा ते काम मी अगदी सोवळ्यातल्यासारखं करायचो. सकाळी गाडी धुवायची, बॉनेटला झेंडूची माळ घालायची, चारी चाकांना हळदकुंकू लावायचं आणि मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, घरातली एक जुनी पितळी वाटी ऑईलने भरून, गाडीच्या पोटाखाली शिरायचं. जिथे जिथे हात पोचेल तिथे कापसाच्या बोळ्याने ते चोपडायचं. लोखंड दिसो, रबर दिसो, भेदभाव नाही. लहानपणी बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना पाहिलं होतं. चाकावर चालणाऱ्या वस्तूला वंगण पुण्यकारक, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. रबरालाही ते मानवत असणार, हे माझ्यातल्या वकिलाने साक्षीपुरावा न घेताच ठरवून टाकलं होतं. पाच वर्षं मी हा नेम चुकवला नाही.

मी नेवाशाला तालुका कोर्टात वकिली करायचो. गाडी काळी, गोल पाठीची, जुनी. माझ्याआधी तिला दोन मालक होऊन गेले होते. कोर्टाच्या आवारात माझ्या आधी तिचा आवाज पोचायचा आणि पक्षकार चहा टाकून उभे राहायचे. युक्तिवादाने जे साधत नव्हतं ते गाडीने साधायचं. त्यामुळे तिच्या पोटाखाली पाच मिनिटं आडवं होणं मला काही कमीपणाचं वाटत नसे.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय ते दुष्काळाचं. नवरात्र आलं तरी पाऊस नव्हता. सरकारने रस्त्यांची कामं काढली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं दिवसभर खडी फोडत बसलेली असायची आणि ती खडी रस्त्यावर नुसती पसरून ठेवलेली असायची. वर रोलर कधी फिरणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

घट बसले त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. दोन मुली होत्या, हे तिसरं. मूल आडवं आहे, नगरला न्या, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी तिला मागच्या सीटवर बसवलं, तिच्या शेजारी तिची मावशी, आणि निघालो. त्या खडीवरून गाडी जी नाचली ती नाचली. दर खड्ड्याला मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा, खाडकन. बायको एकदाही ओरडली नाही. खिडकीवरची मूठ तिने धरून ठेवली होती, एवढं आरशात दिसत होतं.

नगरला त्या रात्री ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ती एक रात्र जगली. सकाळी ती गेली तेव्हा मी हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. मावशी रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी सांगितलं. बशीत अर्धा चहा उरला होता. तो मी प्यालो. मग बशी विसळून ठेवली. टपरीवाला म्हणाला, "राहू द्या हो साहेब, मी विसळतो की." तरी मी विसळली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले असं कुणी विचारलं तर मला फक्त व्हरांड्यातला नियमांचा बोर्ड आठवतो. रुग्णास भेटण्याची वेळ. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. भिंतीवर थुंकू नये. मी तो इतक्या वेळा वाचला की त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला खिशातलं पेनही एकदा काढलं होतं. डॉक्टरांना मी एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, उलटतपासणीत विचारतात तसा. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, गाडीच्या हिसक्यांचा काही संबंध नाही. वार आधीच सुटायला लागली होती. तुम्ही विमानाने आणलं असतं तरी हेच झालं असतं."

मी मान हलवली. हे डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असतील, असंही मनात आलं. त्यावर पुढे काही वाटलं नाही.

वॉर्डात आठ खाटा होत्या आणि सातांना पाळणे. दुपारी एकाने सूर लावला की बाकीचे धरायचे. मावशी चांगल्या बाई होत्या. पाच दिवस त्या खाटेजवळून हलल्या नाहीत. पण येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "मुलगीच होती हो. दोन आहेतच की घरात. बाई वाचली हेच मोठं." येणाराही म्हणायचा, "खरंय. मुलगीच होती." मीसुद्धा एकदोनदा तसंच म्हणालो. दुसरं काय म्हणायचं ते सुचत नव्हतं आणि हे वाक्य तयार होतं.

अष्टमीच्या दुपारी मी खाटेशी उभा असताना बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला इथून न्या."

पाच दिवसांतलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हणालो, "उद्या नेतो."

डॉक्टर आढेवेढे घ्यायला लागले. टाके ओले आहेत म्हणाले. मग वॉर्डाकडे एक नजर टाकून म्हणाले, "न्या. टाके तुमच्या गावी काढतील. पण आडवी न्या, आणि हिसका बसता कामा नये. टाका तुटला तर परत इथेच आणावी लागेल."

एस.टी.तून तिला आडवं कसं नेणार? भाड्याची एक गाडी पाहून आलो, तिचा दरवाजा दोरीने बांधलेला होता. राहता राहिली आमची. मी तीच घेऊन औरंगाबाद रस्त्याला एक मिस्त्री होते त्यांच्याकडे गेलो. चिंचेखाली पत्र्याची शेड, मागे त्यांचं घर. पन्नाशीचा माणूस, नवरात्रातले दाढीचे खुंट, पायात काही नाही. नऊ दिवस अनवाणी राहायचं नि उपास करायचे, असा त्यांचा नेम होता.

ते गाडीखाली गेले आणि जरा वेळाने आतूनच हसायला लागले.

"वकीलसाहेब, हिला ऑईल कुनी पाजलंय?"

"मी," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

"का बरं?"

"दर खंडेनवमीला घालतो. पाच वर्षांचा नेम आहे."

ते सरपटत बाहेर आले. त्यांच्या अंगठ्याला काळा, चिकट लगदा लागला होता. "हे बगा तुमचं रबार. आवं, रबराला ऑईल म्हंजी दम्याच्या मानसाला चिलीम! पार इरघळून गेलंय."

मग त्यांनी मला खाली वाकायला लावून दाखवलं. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची जुडी असते, तिला पाटा म्हणतात. गाडीचा सगळा भार त्या पाट्यावर. पाट्याची दोन्ही टोकं गाडीच्या सांगाड्याला पिनांनी अडकवलेली असतात आणि पीन नि लोखंड यांच्यामध्ये रबराचे बुश बसवलेले असतात. धक्का लोखंडापर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. आमच्या गाडीत ते बुश नावालाही उरले नव्हते. पिना भोकात खुळखुळत होत्या. बायको ज्या सीटवर बसून आली होती ती बरोबर त्यांच्या वर.

मी ते पाहिलं. "नवी रबरं मिळतील ना?" एवढं विचारलं.

"दुकान उगडं हाय अजून. आनून ठिवतो."

"मग सकाळी येतो," असं म्हणून मी गाडी तिथेच सोडली आणि चालू पडलो. मिस्त्री मागून काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, निरोपाचं असेल.

सकाळी जाऊन पाहतो तर शेडमध्ये तांबड्या कापडावर सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, जसे काही पंगतीला बसलेत. जॅकला कुंकवाचा टिळा, हातोड्याला झेंडूचं फूल, समोर नारळ. उदबत्तीचा धूर. पंचांग बघितल्याशिवाय ज्याच्या घरात नवं मडकं आणत नाहीत त्या मला नवमी आठवली नव्हती. गाडी चिंचेखाली तशीच उभी होती आणि नवी रबरं वर्तमानपत्रात गुंडाळून बॉनेटवर ठेवलेली होती.

"काल तुमाला मागनं हाका मारल्या," मिस्त्री म्हणाले. "तुमी थांबलाच न्हाई."

"आज नाहीच जमायचं?"

"आज ह्यांना हात लावायचा न्हाई साहेब. उद्या दसरा. परवा सकाळी पैली गाडी तुमचीच."

मी वकिली केली. आजारी माणसाचा प्रश्न आहे म्हणालो. आपद्धर्म असतो म्हणालो. देवीला माणसाच्या अडचणी कळतात म्हणालो. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोर्टात तुमी जिकाल साहेब. पन ह्यांच्यावर आमचं प्वाट हाय. तीनशे चौसष्ट दीस ह्यांना बडवून घ्येतो, आन येक दीस बी इसावा द्यायचा न्हाई व्हय?"

मी तिथेच उभा राहिलो. जायला हवं होतं, पण जाऊन बायकोला काय सांगायचं? वॉर्डात पाळणे, मावशी, आणि परवा. पाय हलेनात असं नव्हे. कुठे हलवायचे तेच कळेना.

घराच्या ओट्यावर मिस्त्रींची बायको राजगिरा पाखडत होती. ती सुपातून मान वर न काढता म्हणाली, "आवं, त्यांच्या गाडीत असत्याल की त्यांची हत्यारं."

"हाईत का?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"आहेत. डिकीत. जॅक, पाने, हातोडी."

"पन ती बी आज पूजेत मांडायची असत्याल तुमाला."

"नाही," मी म्हणालो. "यंदा पूजा नाही आमच्याकडे. सुतक आहे."

घरून आईची चिठ्ठी आली होती. मूल रात्रभर जगलं, तेव्हा सोयर धरायचं की सुतक, हे गुरुजींना विचारलंय, असं तिने लिहिलं होतं. पण तोंडाने तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला तो तिथे, एका परक्या माणसाच्या शेडमध्ये, आणि तोही पान्यांच्या संदर्भात.

सूप थांबलं. "कुनाचं वो?" बाईंनी विचारलं.

"मुलगी झाली होती. एक रात्र होती. तिच्या आईलाच घरी न्यायचंय."

बाई "मुलगीच होती" असं म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या नाहीत. मिस्त्रींनी दाढीचे खुंट खाजवले.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "मंग तुमच्या हत्यारांना आज कायबी आडकाठी न्हाई. ती आज नुसतं लोखंड. पन साहेब, माज्या घरात घट हाईत. सुतकातल्या वस्तूला मला हात लावता येत न्हाई. मी हितं बसून सांगतो. तुमी करायचं."

"मी?"

"तुमीच. पाच वर्सं ऑईल पाजायला खाली गेला का न्हाई? मंग!"

अशा रीतीने एका तालुका वकिलाने आपल्या गाडीचे बुश स्वतःच्या हाताने बदलले. मिस्त्री एका जुन्या टायरवर मांडी घालून बसले. माझ्यापासून दोन हात अंतर राखून, घटाला बाध येणार नाही असं. मी सदरा काढून चिंचेच्या फांदीला अडकवला.

"पुढच्या चाकांना दगुड लावा. लावला? दुसऱ्या बाजूनं बी लावा, गाडी काय येकाच बाजूला पळत न्हाई. आता जॅक."

गाडी वर उचलून सांगाड्याखाली लाकडी ओंडके सरकवले. ओंडके त्यांच्या शेडमधले, पण लाकडाची पूजा मांडलेली नव्हती. ते चालतात की नाही यावर दोघा नवराबायकोंचा थोडा वाद झाला. चालतात असं बाईंनी ठरवलं. मग चाक काढलं. मग जॅक आसाखाली घेऊन जरासा वर.

"बास! पाट्याचा जीव मोकळा झाला पायजे. ना वर ताण, ना खाली. पीन हातानं हलती का बगा."

"हलते."

"मंग आता नट. आवं, उलटा! साहेब, तुमी आवळताय. सोडायचाय आपल्याला."

"मी सोडतोच आहे."

"गाडीखाली झोपल्यावर डावं-उजवं बदलतं व्हय? माज्याकडं फिरवा. हां. रॉकेल सोडा त्याच्यावर. डोळं मिटून."

शेवटचे दोन शब्द मला उशिरा ऐकू आले. डोळ्यात रॉकेल गेलं. बाईंनी तांब्याभर पाणी ओट्याच्या कडेला ठेवलं आणि त्या बाजूला झाल्या. मी उचललं, डोळे धुतले, तांब्या तिथेच पालथा घातला.

पिना गंजून बसल्या होत्या. हातोडी मारायची, रॉकेल सोडायचं, वाट पाहायची, परत मारायची. एक पीन निघायला तास गेला. मध्ये एकदा हातोडी घसरून डाव्या अंगठ्यावर बसली. मी अंगठ्याकडे पाहिलं. नख पांढरं झालं, मग कडेने लाल व्हायला लागलं.

"लागलं का वो?"

"नाही."

"न्हाई कसं? मोटं लागलंय की!"

"असेल," मी म्हणालो आणि पुन्हा हातोडी उचलली. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिने आत जाऊन कागदात हळद आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. लावायची राहून गेली. ती पुडी घरी आल्यावर पायजम्याच्या खिशात सापडली.

पीन निघाल्यावर भोकातून जुनं रबर बाहेर आलं. आलं म्हणण्यापेक्षा खरवडून काढलं. वर फुगलेलं, आत चिरफाळलेलं, बोटाला ओल्या गुळासारखं चिकटणारं. मी ते वर्तमानपत्रावर ठेवत गेलो. एका बाजूला तीन भोकं, पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला वर-खाली दोन, दर भोकात दोन तुकडे. मी ते नीट ओळीत मांडत होतो. तसं करायचं काही कारण नव्हतं.

दुपारी बाईंनी चहा दिला. कप माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि किटलीतून वरून धार धरली. माझं पिऊन झालं तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"नाव ठिवलं व्हतं का वो?"

"नाही. बारा दिवस झाल्यावर ठेवतात ना."

"व्हय. पन मनात?"

मला माहीत नव्हतं. माझ्या मनात काही नव्हतं. बायकोच्या मनात होतं का, हे मी विचारलं नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हेही मला तोवर सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "विचारीन." बाई कप न उचलता आत गेल्या. मागाहून मीच तो नेऊन कुंपणाबाहेर विसळून ठेवला.

नवीन रबर मात्र भोकात जाता जाईना. मी दाबतोय, ते उसळून परत येतंय. सवयीने माझा हात ऑईलच्या डब्याकडे गेला. मिस्त्री टायरवरून ताडकन उठले. घट, उपास, अंतर सगळं विसरून दोन पावलं पुढे आले आणि आठवून तिथेच थांबले.

"आवं साहेब! अजून तेच? साबन घ्या साबन! साबनाचं पानी लावा."

धुण्याच्या साबणाची वडी कालवून पाणी केलं. ते लावल्यावर रबर गुमान आत गेलं. एक, दुसरं, मग पीन. माझे हात आपोआप चालायला लागले होते. डोक्यात काही नव्हतं, आणि हाताला काम असल्यावर ते नसणं इतकं जाणवत नव्हतं. दुसऱ्या बाजूला मला अर्धाच वेळ लागला. मिस्त्री म्हणाले, "वकिली न्हाई चालली तर या हिकडं." नट हाताने फिरवून बसवले आणि मी मोठा पाना लावून करकचून आवळायला घेतला.

"थांबा, थांबा! अधांतरी आवळू नका."

"मग?"

"आधी चाकं चढवा. गाडी भुईवर उतरवा. दोनचारदा दाबून हलवा. तिचं वजन तिच्या पायावर येऊ द्या, रबार जिथं बसायचं तिथं बसू द्या. मंग आवळा. अशी लोंबकळत आसताना आवळली तर भुईवर आल्यावर रबराला पीळ पडतो. म्हैन्यात फाटतं."

मी चाकं चढवली, गाडी उतरवली, मागे उभा राहून ती दाबली. पूर्वी कुंई-खाड असा आवाज यायचा. आता काहीच आला नाही. नुसती खाली गेली आणि वर आली. मग पुन्हा खाली शिरून सगळे नट आवळले. बाहेर आलो तेव्हा चिंचेची सावली शेडपलीकडे गेली होती.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "चांगलं झालं. आन साहेब, पुढच्या नवमीला नुसतं कुंकू लावा."

निघताना मी हात जोडले, त्यांनीही लांबूनच जोडले. रबरांचे पैसे मी टायरवर ठेवले.

चारच्या सुमारास हॉस्पिटलमधून निघालो. बायकोला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मावशींच्या मांडीवर, पाय दुमडलेले, अंगावर शाल. तिने गाडीकडे पाहिलं नाही, माझ्या अंगठ्याकडेही नाही. मावशी म्हणाल्या, "सावकाश हां."

मी इतक्या सावकाश गेलो की त्याला गाडी चालवणं म्हणावं की नाही याची शंका आहे. खडी दिसली की थांबायचं, उतरायचं, मोठे दगड पायाने बाजूला करायचे, परत बसायचं, पहिल्या गिअरमध्ये रांगायचं. बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एक सायकलवाला शेजारून बराच वेळ बरोबरीने चालला. शेवटी खिडकीत वाकून त्याने विचारलं, "पावनं, पेट्रोल संपलंय का वराडात चाललाय?" मग मागे आडवी बाई दिसल्यावर तो पुढे जाऊन दोनचार ठिकाणी हात वर करून खड्डा दाखवत राहिला. खडी फोडणाऱ्या बायका कामावरून परतत होत्या. त्यांच्यातल्या एकदोघींच्या पाठीशी पोरं बांधलेली होती. मावशींनी पटकन शालीचं टोक बायकोच्या डोळ्यांवर ओढलं. तिने ते काढलं नाही.

पाठीमागून एकही आवाज येत नव्हता. खाडकन नाही, कुंई नाही. मला वाटतं त्या अख्ख्या आठवड्यात मला जे थोडंफार काही वाटलं असेल ते हेच, की आवाज येत नाहीये. दर खड्ड्याला मी कान मागे लावायचो. मावशी मधून मधून म्हणायच्या, "झोप हो. झोप लागली तर बरं वाटेल. दोघी घरी वाट बघताहेत. मुलगीच होती..." मला ती झोपली असं वाटलं.

रात्री बऱ्याच उशिरा घरी पोचलो. एकही टाका तुटला नाही. चार दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी ते काढले आणि म्हणाले, जखम अगदी स्वच्छ भरलीये, एस.टी.ने आला असता तर अशी राहिली नसती. सुतक फिटलं. मावशी आपल्या गावी गेल्या. समाचाराला लोक येत राहिले आणि मी, काय बोलावं ते कळत नसल्यामुळे, प्रत्येकाला रबरांची गोष्ट सांगत राहिलो. ऑईलची फजिती, डोळ्यातलं रॉकेल, "माज्याकडं फिरवा." लोक हसायचे. दुःखाच्या घरात हसायला मिळालं म्हणून त्यांना बरंही वाटायचं. शेवटी मी म्हणायचो, "पण साठ किलोमीटरमध्ये हिला एक हिसका बसू दिला नाही!" बायको आतल्या खोलीत रेशनची तांबडी ज्वारी निवडत असायची. तिला सगळं ऐकू जात असे.

असंच एकदा कोर्टातले दोघं येऊन, गोष्ट ऐकून, हसून गेले. दार लावून मी आत आलो. तिने परात बाजूला सारली. अंगठ्याचं काळं पडलेलं नख तिने तेव्हा प्रथम पाहिलं असावं. हात पुढे ओढून घेऊन तिने ते जरा दाबून बघितलं.

"दुखतं?"

"नाही."

मग ती म्हणाली, "एखादा तरी हिसका बसू द्यायचात हो. टाके दुखले म्हणून मला मोठ्याने रडता आलं असतं. मावशींनासुद्धा काही म्हणता आलं नसतं."